कोल्हापुरात योगवर्ग सुरू करताना: प्रमाणपत्रापासून पहिल्या वर्षापर्यंत

पदविका हातात आली की बहुतेक नवे योगशिक्षक त्याच आठवड्यात तीन कामं करतात. हॉल बघतात, फ्लेक्स छापतात आणि पंचवीस मॅट मागवतात. सहा महिन्यांनी हॉलचं भाडं चालू असतं, फ्लेक्स फाटलेला असतो आणि निम्म्या मॅट उलगडलेल्याही नसतात. क्रम फिरवला की यातलं बरंच टळतं: आधी कुणाच्या तरी हाताखाली शिकवायचं, मग आठ-दहा जणांचा छोटा वर्ग, त्याबरोबर कागदपत्रं, आणि स्वतःचा हॉल सगळ्यात शेवटी. पुढच्या पायऱ्या पहिल्या वर्षाचा विचार करून मांडल्या आहेत. त्यातली तिसरी, पाचवी आणि नववी पायरी घाईत उरकू नका.

1. प्रमाणपत्र कोणतं घ्यायचं

खासगी योगवर्ग घ्यायला आपल्याकडे वेगळा व्यवसाय-परवाना लागत नाही. म्हणून आधी तुम्ही कुठे शिकवणार ते ठरवा. कॉलनीतल्या वर्गात प्रमाणपत्र सहसा कुणी मागत नाही. शाळेत, कारखान्यात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) मानधनावर जायचं असेल तर पहिला कागद तोच मागतात.

सरकारी कामासाठी सगळ्यात उपयोगी आहे ते आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या योग प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र. त्याचे स्तर आहेत. पहिला महत्त्वाचा स्तर योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरचा, अभ्यास साधारण 200 तासांचा. त्यानंतर योग वेलनेस इन्स्ट्रक्टर (400 तास), योग टीचर अँड इव्हॅल्युएटर (800 तास) आणि योग मास्टर (1600 तास). योगोपचारासाठी वेगळी शाखा आहे. परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन भागांत होते, आणि प्रात्यक्षिकात स्वतः आसन करण्याइतकंच ते दुसऱ्याला शिकवता येतं का हे बघतात. नव्या माणसाने पहिला किंवा दुसरा स्तर धरावा. थेट वरच्या स्तराची घाई करण्यात फायदा नाही, कारण शिकवण्याचा अनुभव नसला की प्रात्यक्षिकातच अडकायला होतं.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका नोकरी किंवा घर सांभाळून करणाऱ्यांना सोयीची पडते. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये सुरू केलं. शरीरशास्त्राच्या अंगाने योग शिकायचा असेल तर तिथे राहून केलेला अभ्यास पुढे फार कामाला येतो. योगा अलायन्सचं 200 तासांचं प्रमाणपत्र परदेशात किंवा रिसॉर्टमध्ये चालतं, पण ती अमेरिकेतली खासगी संस्था आहे. तिच्या कागदावर सरकारी काम मिळेल असं धरून चालू नका.

जाहिरातीतला 'सरकारमान्य' हा शब्द वाचून पैसे भरू नका. मंडळाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे, तीत नाव शोधा. दुसरी तपासणी साध्या भागाकाराची. दहा दिवसांत 200 तास म्हणजे दिवसाला वीस तास. असा अभ्यासक्रम विकणारा नक्की काय देतोय ते तुम्हीच ठरवा.

2. तीन महिने दुसऱ्याच्या वर्गात

अनुभवी शिक्षकाला विचारा, 'मी तीन महिने मदतीला येऊ का?' मानधन मागू नका. त्यांच्या वर्गातले विद्यार्थी पुढे आपल्याकडे ओढणार नाही हेही आधीच सांगून टाका. शहर लहान आहे, असली गोष्ट आठवड्यात सगळीकडे पोचते.

या काळात वर्गाच्या मागच्या बाजूला उभं राहायचं. पुढून चेहरा आणि हात दिसतात. मागून टाचा, गुडघ्यांची रेघ, कमरेचा झोल आणि खांदे दिसतात, आणि चुका तिथेच असतात. रोज फक्त तीन माणसं निवडा आणि तासभर त्यांच्याकडेच बघा. घरी येऊन वहीत लिहा: कुठल्या आसनात श्वास थांबला, कोण शेजाऱ्याकडे बघून करत होतं, कोणती सूचना ऐकून सगळ्यांनी एकच चूक केली. सगळ्यांची चूक एकच असेल तर दोष सूचनेत असतो.

3. आरोग्याचा अर्ज: हा नसेल तर वर्ग सुरू करू नका

नाव, पत्ता, फोन घेऊन माणसाला थेट मॅटवर बसवणं ही नव्या शिक्षकांची सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. एक पानी अर्ज मराठीत करा. त्यात हे प्रश्न हवेतच:

- वय, कामाचं स्वरूप (उभं राहून, बसून, वजन उचलून), घरच्या माणसाचा फोन नंबर
- रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, थायरॉईड. चालू गोळ्यांची नावं
- पोटाची, पाठीची, गुडघ्याची, डोळ्याची शस्त्रक्रिया, केव्हा झाली
- हर्निया, काचबिंदू, फिट येणे, चक्कर येणे
- मान-पाठ-गुडघे दुखणं. हातापायाला मुंग्या येतात का
- गरोदरपण, किंवा गेल्या सहा महिन्यांतलं बाळंतपण

अर्ज भरून घेतला की पाच मिनिटं समोर बसून बोला. लोक कागदावर 'काही नाही' लिहितात आणि बोलताना सांगतात, 'तशी बीपीची गोळी चालू आहे, पण आता बीपी नाही.' गोळीमुळे रक्तदाब ताब्यात आहे याचा अर्थ रक्तदाब आहे. 'उसण भरली होती', 'पाठ धरलीय', 'मान अवघडलीय' ही वाक्यं तोंडावाटेच येतात, कागदावर नाही.

माहिती मिळाल्यावर काय करायचं? रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारी आसनं, कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखणं वगळा. हात वर धरून फार वेळ थांबवू नका. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन आणि डोकं बराच वेळ खाली राहील असं काहीही नको, कारण डोळ्यातला दाब वाढतो. मणक्याची गादी सरकली असेल तर पुढे वाकणं बंद. मानेचा त्रास असेल तर सर्वांगासन, हलासन आणि मान झटक्यात मागे टाकणं बंद. हर्निया किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया असेल तर पोटावर दाब येणारं काही नको. फिट येणाऱ्या माणसाला जलद श्वसन देऊ नका, त्यानेच फिट येऊ शकते.

हाडं ठिसूळ झालेल्या ज्येष्ठ बायकांकडे विशेष लक्ष द्या. पश्चिमोत्तानासनात पाठ गोल करून जोर लावला तर मणक्याला चीर जाऊ शकते, तरी 'हळूहळू डोकं टेकेल' म्हणत लोक याच आसनात त्यांना दाबतात. गरोदर स्त्रीला डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय घेऊ नका. पोटावर झोपणं, पोट पिळणारी आसनं, कपालभाती पूर्ण बंद, आणि पाचव्या महिन्यानंतर शवासन उताणं न देता डाव्या कुशीवर.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस पहाटे रिकाम्या पोटी येतो. तो मध्येच घामाघूम झाला, हात थरथरू लागले, असंबद्ध बोलू लागला तर साखर उतरली आहे असं धरा. शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटं बसवा, एकट्याला घरी पाठवू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, 108 लावा. साखरेचा डबा आणि रक्तदाबाचं डिजिटल यंत्र वर्गात कायम असावं. शांत बसल्यावरही आकडा 180/110 च्या वर दिसला तर त्या दिवशी वर्ग नाही, डॉक्टर. छातीत दुखणं, पायात उतरणारी कळ आणि बधिरपणा, अचानक उठलेलं जबर डोकं, यांवर आसन सुचवण्याचा मोह आवरा.

आणि कुणालाही गोळी कमी करायला सांगू नका. डोस बदलायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील.

4. तासाचा आराखडा

नव्या वर्गासाठी साठ मिनिटं पुरतात. सुरुवातीला शांत बसणं आणि श्वासाकडे लक्ष, 5 मिनिटं. सांधे मोकळे करणं, 10. सूर्यनमस्कार, 8 ते 10. आसनं, 20. प्राणायाम, 8 ते 10. शवासन, 7. शवासन कापून आसनं वाढवू नका. उशीर झालाच तर एखादं आसन सोडा.

पहिल्या महिन्यात एकूण पंधरा आसनांच्या पुढे जाण्याची गरज नाही. ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन, उत्कटासन, वज्रासन, मार्जरासन, भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन, पवनमुक्तासन, बसून वक्रासन, एवढ्यात महिना सहज जातो. काही लोक तिसऱ्याच दिवशी विचारतात, 'शीर्षासन कधी?' त्यांना वर्षभरानंतरचा महिना सांगा.

21 जूनच्या कार्यक्रमांसाठी आयुष मंत्रालयाने ठरवून दिलेला 'सामान्य योग अभ्यासक्रम' (कॉमन योगा प्रोटोकॉल) तोंडपाठ असावा, 45 मिनिटांचा. शाळा, महापालिका, बँका याच क्रमाने कार्यक्रम घेतात आणि ऐनवेळी शिक्षक शोधतात.

संध्याकाळचा वर्ग ठेवताना जेवणापासून तीन-चार तासांचं अंतर पडेल असं बघा. आणि रविवारी संध्याकाळी वर्ग ठेवूच नका. दुपारी तांबडा-पांढरा झालेल्या माणसाला पवनमुक्तासन सांगणं त्याच्यावरही अन्याय आणि शेजारच्यांवरही.

5. शिकवताना चुका कुठे होतात

सूचना देण्याचा क्रम ठरवून घ्या: आधी पाय किंवा बैठक कुठे, मग श्वास, मग हालचाल, शेवटी नजर. 'हात वर घ्या, पाय लांब करा, श्वास घ्या, मान मागे, गुडघा सरळ' असं एका दमात म्हटलं की समोरचा फक्त शेवटचं ऐकतो.

सूर्यनमस्कारात दुसऱ्या स्थितीत लोक कमरेतून मागे मोडतात. मांड्या घट्ट करून छाती वर उचलायला सांगा, मागे जाणं आपोआप कमी होतं. साष्टांग स्थितीत खांदे धाडकन खाली पडतात. ज्यांच्या दंडात ताकद नाही त्यांना गुडघे आधी टेकवायला लावा. भुजंगासन हातांनी ढकलून करतात, म्हणून कोपर जमिनीवरच ठेवून आठवडाभर करून घ्या, मग पाठ काम करायला लागते. वीरभद्रासनात पुढचा गुडघा आत पडतो. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का, एवढंच बघा.

वज्रासनात गुडघे दुखणारा माणूस लाजेने काही बोलत नाही आणि पुढच्या आठवड्यात येणं बंद करतो. पोटऱ्या आणि मांड्या यांच्या मध्ये जाड घडी घातलेलं घोंगडं द्या. तरी दुखत असेल तर खुर्ची. खुर्चीवर बसून केलेलं प्राणायाम कमी दर्जाचं असतं ही समजूत वर्गाबाहेर ठेवा.

कपालभातीत बाहेर टाकलेल्या श्वासाबरोबर पोट आत जायला हवं. निम्म्या वर्गाचं ते बाहेर येतं, खांदे उड्या मारतात, आणि आकडा मोठा व्हावा म्हणून वेग वाढतो. पोटावर तळहात ठेवून 20 ते 30 ठोक्यांची एक फेरी, मध्ये पूर्ण विश्रांती, अशा तीन फेऱ्या नव्यांना पुष्कळ. टीव्हीवर बघून रोज पंधरा मिनिटं करणारे येतात. त्यांच्याशी वाद न घालता पोट कुठे जातंय ते आरशात दाखवा. अनुलोम-विलोम चार अंक आत, चार बाहेर असं सुरू करा. बाहेरचा श्वास हळूहळू सहा-आठपर्यंत वाढवा. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, पहिल्या काही महिन्यांत नकोच.

इथला एक खास विद्यार्थी म्हणजे तालमीत घाम गाळलेला माणूस. दंड-बैठका मारून शरीर ताकदीचं असतं, पण मांडीमागचे स्नायू आणि खांदे आखडलेले, गुडघे आणि मान कुस्तीत दुखावलेली. तो आसनालाही प्रतिस्पर्धी समजून भिडतो आणि स्नायू ओढून घेतो. त्याला लांबणारी आसनं पट्टा घेऊन द्या, गुडघे किंचित वाकवून द्या, आणि मानेवर भार येणारं काही देऊ नका. पेठांतल्या फुटबॉलपटूंचंही तसंच आहे, फक्त त्यांच्या जांघा जास्त आखडलेल्या असतात. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांना खोल ताण देऊ नका.

हात लावून दुरुस्ती करायची असेल तर दर वेळी विचारा. बायकांच्या वर्गात पुरुष शिक्षकाने तोंडी सूचनेवरच भागवावं, किंवा स्वतः करून दाखवावं. मागून येऊन न विचारता कुणाचीही कंबर दाबणं, शिक्षक कितीही ज्येष्ठ असला तरी, चालू देऊ नये.

6. जागा

मॅट साधारण सहा फूट बाय दोन फूट असते, पण हात पसरायला जागा लागते. माणशी सात बाय चार, म्हणजे 28 चौरस फूट धरा. पंधरा बाय चोवीसचा हॉल 360 चौरस फुटांचा; शिक्षकाची जागा, दार, चप्पल यांचे 80 वजा करा, उरलेल्या 280 मध्ये दहा जण नीट मावतात. मालक म्हणेल, 'वीस आरामात बसतील.' बसतील, पण हात पसरताना एकमेकांना लागतील.

सुरुवातीला तासावर जागा घ्या. नृत्याचे, कराटेचे वर्ग सकाळी रिकामे असतात. मंगल कार्यालयाचा हॉल स्वस्त मिळतो, पण लग्नसराईत मुहूर्ताच्या दिवशी वर्ग बंद ठेवावा लागेल. तालीम मंडळाचा हॉल मिळाला तर उत्तम. गणेशोत्सवाच्या आधीपासून तो तुमचा नाही, हे लक्षात ठेवून पर्यायी जागा बोलून ठेवा.

पंचगंगेच्या बाजूची किंवा जयंती नाल्याजवळची जागा बघत असाल तर एक प्रश्न न चुकता विचारा: 2019 ला आणि 2021 ला इथे पाणी किती आलं होतं? मालकाला नको, शेजारच्या दुकानदाराला विचारा. तळमजला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सामान वर हलवायची सोय हवी. पूर नाही आला तरी आपल्याकडच्या पावसात बंद खोलीतल्या मॅटला आणि सतरंज्यांना बुरशी धरते. हवा खेळती नसेल तर ती जागा पावसाळ्यात वर्गाची नाही.

गच्चीवर किंवा मैदानात वर्ग घेत असाल तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. साडेपाचच्या वर्गाला माइक नको. संगीतही टाळा, व्यावसायिक वर्गात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला हक्कधारकांचा परवाना लागतो, आणि श्वास ऐकू येण्यासाठी शांतता लागतेच.

7. सामान

मॅट 4 ते 6 मिलिमीटर जाडीच्या घ्या. दहा-बारा मिलिमीटरची जाड मॅट गुबगुबीत वाटते, पण वृक्षासनात घोटा डगमगतो. प्रत्येकाला स्वतःची मॅट आणायला सांगा, तुम्ही चार-पाच जादा ठेवा. पट्ट्यासाठी सहा-आठ फुटांची सुती पट्टी पुरते. लोड बाजारातून महाग घेण्यापेक्षा गादीवाल्याकडे कापसाचे भरून शिवून घ्या, साधारण दोन फूट लांब, घट्ट भरलेले. सैल लोड महिन्यात चपटा होतो. चार घोंगडी, सहा लाकडी ठोकळे, चार घडीच्या लोखंडी खुर्च्या. खुर्चीचे पाय फरशीवर सरकतात म्हणून ती नेहमी मॅटवर आणि भिंतीला टेकून.

8. कागदपत्रं

वर्गातून पैसे यायला लागले की हे सुरू करा. जवळ ठेवायचे कागद: आधार, पॅन, योगाचं प्रमाणपत्र, दोन फोटो, जागेचा करार, वीज बिल, रद्द केलेला धनादेश.

दुकाने व आस्थापना: 2017 च्या कायद्यानुसार, 2025 च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते. ती ऑनलाइन नमुना 'एफ' मध्ये, व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवसांत. पोचपावती नमुना 'जी' मध्ये मिळते. बँकेत व्यवसायाच्या नावाने खातं उघडताना ती मागतात.

उद्यम नोंदणी (लहान व्यवसाय म्हणून सरकारी नोंद): आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर होते, पूर्ण मोफत. शोधताना वर सरकारीसारखी दिसणारी खासगी पानं येतात आणि हजार-दोन हजार मागतात. पैसे मागितले की पान चुकीचं आहे.

जागेचा करार: 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोटरीच्या शिक्क्यावर समाधान मानू नका. निवासी इमारतीत घेत असाल तर सोसायटीचं ना हरकत पत्र हवं, आणि वीज मीटर कोणत्या दराचा आहे ते बघा.

जीएसटी: सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून योगवर्गांवरचा दर 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, मात्र त्यात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. व्यवसाय करासाठी आणि विवरणपत्रासाठी एकदा कर सल्लागाराकडे जाऊन या. दरमहा बसण्याची गरज नाही.

प्रत्येक फीची पावती द्या, यूपीआयने आली असली तरी.

9. फी ठरवताना

शेजारच्या वर्गाची फी विचारून त्यात शंभर कमी करणं ही पद्धत चालत नाही. उलट बाजूने मांडा. समजा हॉल 7000, वीज आणि झाडलोट 1000, सामानाची झीज 500, खर्च 8500. दोन वर्ग, प्रत्येकी 12 जण, फी 700, तर जमा 16800. उरले 8300. महिन्याला 25 दिवस, रोज दोन तास, म्हणजे 50 तास. तासाला 166 रुपये पडले, तयारीचा आणि ये-जा करण्याचा वेळ न धरता. आता मे महिना धरा. सुट्टीत माणसं गावी गेली, 24 चे 15 झाले. जमा 10500, उरले 2000. हे आकडे तुमच्या जागेप्रमाणे बदला, पण मे महिन्याची ओळ मांडल्याशिवाय हॉलचा करार करू नका.

आपल्याकडचं वर्ष असं चालतं: जानेवारीत आणि 21 जूनच्या आसपास गर्दी, मेमध्ये ओहोटी, जुलै-ऑगस्टच्या पावसात सकाळच्या वर्गाला गळती, गणपती-नवरात्र-दिवाळीत तुटक हजेरी. म्हणून तिमाही फीवर थोडी सवलत ठेवा आणि मासिक फी पूर्ण. वार्षिक फी पहिल्या वर्षी घेऊ नका. हॉल हातचा गेला तर परतावा कुठून देणार?

फी आगाऊ, महिन्याच्या 5 तारखेपर्यंत. चुकलेल्या दिवसांची भरपाई त्याच महिन्यात दुसऱ्या वर्गात बसून. हे नियम अर्जाच्या मागे छापा, म्हणजे 'आपलंच माणूस आहे, पुढच्या महिन्यात देतो' या वाक्याला तोंडी उत्तर द्यावं लागत नाही. मोफत महिना कधीही देऊ नका. तीन दिवस बघायला या, एवढं पुरे. ज्याला खरोखर परवडत नाही त्याला गाजावाजा न करता फी माफ करा.

10. विद्यार्थी कुठून येतात

फ्लेक्सपेक्षा तुमच्या दोन किलोमीटरच्या आतली फिजिओथेरपी केंद्रं आणि फॅमिली डॉक्टर महत्त्वाचे. एक पान घेऊन भेटा: तुम्ही काय शिकवता, कुणाला घेत नाही, आरोग्याचा अर्ज कसा आहे. 'कुणाला घेत नाही' ही ओळ वाचून डॉक्टरांचा विश्वास बसतो. गुगल नकाशावर वर्गाची नोंद करा, वेळा बरोबर टाका. विद्यार्थ्यांचे फोटो त्यांना विचारूनच. शवासनातले तर अजिबात नकोत.

जाहिरातीत 'मधुमेह बरा', 'गुडघेदुखी कायमची दूर', '15 दिवसांत 5 किलो' असलं काही लिहू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. 'योगोपचारतज्ज्ञ' हे बिरुदही त्या शाखेचं शिक्षण झाल्याशिवाय लावू नका.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहतींत काम आहे, पण तिथे साठ मिनिटांचा वर्ग कुणी देणार नाही. पाळी बदलताना वीस-तीस मिनिटं, बूट आणि गणवेश घातलेली माणसं, बसायला जमीन नाही. उभ्याने आणि खुर्चीवर करता येईल असा क्रम तयार ठेवा. फाउंड्रीत काम करणाऱ्याची कंबर आणि खांदे दमलेले असतात, कार्यालयातल्याची मान आणि मनगटं; दोघांना एकच क्रम देऊ नका. मनुष्यबळ विभागाला दोन पानांचा प्रस्ताव द्या: कालावधी, दर सत्राचं मानधन, तुमच्या अनुपस्थितीत कोण येईल. कंपनी टीडीएस कापू शकते, तो विवरणपत्रात दाखवून हिशेबात धरता येतो.

11. दुसऱ्या वर्षाकडे जाताना

दिवसाला चारपेक्षा जास्त वर्ग घेऊ नका. प्रत्येक वर्गात सगळी आसनं स्वतः करून दाखवली तर वर्षभरात शिक्षकाचंच मनगट किंवा मांडीमागचा स्नायू धरतो. एकदा दाखवा, मग फिरा आणि बघा. एका बाजूनेच दाखवण्याची सवय लागली असेल तर दर आठवड्याला बाजू बदला. घसा बसायला लागला तर आवाज वाढवण्याऐवजी वर्ग लहान करा. स्वतःचा सराव शिकवण्याच्या तासांत धरू नका.

पुढचं शिक्षण एका दिशेने घ्या. ज्येष्ठांचा वर्ग, गर्भवतींचा वर्ग, खेळाडूंचा वर्ग, या प्रत्येकाला वेगळं शिकावं लागतं. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर योग विषयात एम.ए. आणि नेट, त्या परीक्षेत योग हा विषय आहे. योग प्रमाणन मंडळाचा पुढचा स्तरही याच सुमारास द्यावा. तोवर शिकवण्याचे तास गाठीशी असतात. हृदय-श्वसन पुनरुज्जीवन म्हणजे सीपीआरचं प्रशिक्षण मात्र दुसऱ्या वर्षापर्यंत थांबवू नका. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रौढ माणसाच्या छातीत पाच ते सहा सेंटिमीटर. पुतळ्यावर सराव केल्याशिवाय हे हाताला कळत नाही.

बदली शिक्षक शोधून ठेवा, आजारी पडण्याआधी. त्याला महिन्यातून एकदा तुमच्या वर्गात शिकवू द्या, आरोग्याचे अर्ज कुठे आहेत ते दाखवा, आणि कोणत्या विद्यार्थ्याला काय द्यायचं नाही याची यादी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. फी वाढवायची असेल तर जानेवारीच्या प्रवेशांपासून वाढवा, जुन्यांना तीन महिन्यांची मुदत द्या आणि ती तारीख आधी लेखी कळवा.